हौशी नेमबाजीतील शस्त्रनिवड

हौशी नेमबाजीतील शस्त्रनिवड म्हणजे क्लबच्या सामायिक बंदुकीवर शिकलेल्या अथवा साध्या छऱ्याच्या बंदुकीने सुरुवात केलेल्या नेमबाजाने मर्यादित खर्चात स्वतःचे पुढील शस्त्र निवडण्याची प्रक्रिया होय. भारतात या निवडीवर शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांचे बंधन आहे. क्रीडाप्रकाराचे आंतरराष्ट्रीय नियम, सरावाच्या जागेची उपलब्धता आणि छरे, काडतुसे व पोशाख यांवर होणारा आवर्ती खर्च हेही तितकेच निर्णायक घटक आहेत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांसारख्या मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रश्न बहुधा १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल यांच्यापुरताच येऊन थांबतो. त्याची कारणे पुढे दिली आहेत.

पार्श्वभूमी

भारतातील नेमबाजीची शिखर संस्था असलेली राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष होते. त्यांच्या नावाने होणारी अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची एक पायरी मानली जाते. मुंबईत महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे वरळी येथील संकुल हे या खेळाचे जुने केंद्र आहे. कॅप्टन एस. जे. इझिकेल यांच्या स्मरणार्थ होणारी राज्य पातळीवरील स्पर्धाही तेथे भरत आली आहे. दादरच्या शिवाजी पार्कजवळील स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकातही रायफल नेमबाजीचे प्रशिक्षण दिले जाते.

अंजली भागवत (पूर्वाश्रमीच्या वेदपाठक) या राष्ट्रीय छात्र सेनेच्या मार्गाने वरळीच्या रेंजवर आल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. त्यांच्यासह सुमा शिरूर व दीपाली देशपांडे यांची पिढी प्रशिक्षक संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली घडली. शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले आणि पुढे पनवेलजवळ स्वतःची प्रशिक्षण संस्था उभी केली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील यांनी २०२२ मध्ये कैरो येथे १० मीटर एअर रायफलचे विश्वविजेतेपद मिळवले, तर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले. कुसाळे यांच्या यशानंतर त्यांच्या वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढल्याची हकिकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली होती. या खेळात बंदूक एकदाच विकत घ्यावी लागते, पण तिचा दाणागोटा रोज लागतो, हे त्या हकिकतीवरून ध्यानात यावे.

कायद्याची चौकट

निवडीचा पहिला टप्पा कायदा ठरवतो. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेची हवाई बंदूक शस्त्र नियम, २०१६ नुसार परवान्यातून मुक्त आहे. त्यापूर्वी १९६२ पासूनच्या व्यवस्थेत छरा लाकडी फळी भेदतो की नाही अशी कसोटी होती. ती मागे पडून आता ऊर्जेचे माप आले. स्पर्धेच्या एअर रायफलमधून सुमारे ०.५३ ग्रॅमचा छरा सेकंदाला १७० मीटरच्या आसपासच्या वेगाने बाहेर पडतो. म्हणजे त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या जवळपास येते. जगातील उत्तमोत्तम स्पर्धात्मक रायफलसुद्धा अशा प्रकारे मर्यादेच्या निम्म्याहून खाली राहते. जाहिरातीत 'अधिक ताकद' म्हणून सांगितला जाणारा गुण १० मीटरच्या खेळात निरुपयोगी आहे आणि खरेदीदाराला कायद्याच्या सीमेकडे ढकलणाराही आहे. ५.५ मिलिमीटर नळीच्या हवाई बंदुकीलाही या स्पर्धेत स्थान नाही.

याउलट .२२ ची रायफल, .२२ चे पिस्तूल आणि १२ बोअरची बंदूक ही अग्निशस्त्रे आहेत. त्यांच्यासाठी परवाना बंधनकारक असून सर्वसाधारण अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. चारही उपनगरे मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात, त्यामुळे परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे आणि पडताळणी स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत होते. अर्जदाराला शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याची व्यवस्था दाखवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. नेमबाजांसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये वेगळी सवलत जाहीर केली आणि तीत आंतरराष्ट्रीय पदकविजेते व ख्यातनाम नेमबाज यांना अधिक शस्त्रे बाळगण्याची मुभा दिली. 'ख्यातनाम नेमबाज' ही येथे केवळ गौरवाची पदवी नाही. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुणसंख्या गाठणाऱ्यास मिळणारा तो दर्जा आहे आणि आयातीच्या सवलती त्याच्याशी निगडित आहेत.

मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याला क्लबचे शस्त्र रेंजवर, देखरेखीखाली वापरता येते. म्हणून .२२ चे आकर्षण वाटणाऱ्या नवोदिताने परवान्याच्या मागे लागण्याआधी निदान एक हंगाम क्लबच्या रायफलीवर काढणे श्रेयस्कर ठरते.

कोणता प्रकार परवडतो

ट्रॅप व स्कीट या मातीच्या तबकड्यांच्या प्रकारांना विस्तीर्ण मोकळे मैदान लागते. ट्रॅपच्या पात्रता फेरीत १२५ तबकड्या असतात आणि प्रत्येक तबकडीमागे किमान एक काडतूस खर्ची पडते. उपनगरातील नोकरदाराला हा प्रकार जागा, प्रवास आणि पैसा या तिन्ही अंगांनी दूरचा आहे.

५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल या दोन्ही प्रकारांत ५.६ मिलिमीटरची, म्हणजेच .२२ ची काडतुसे लागतात. वरळीसारखी लांब पल्ल्याची सोय असलेली ठिकाणे मुंबईत मोजकी आहेत. पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात ती आहे, परंतु तेथे आठवड्यातून तीनदा मुलुंडहून जाणे कोणाला जमणार! देशी काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होत आली आहेत, मात्र स्पर्धेच्या तयारीसाठी नेमबाज आयात केलेल्या काडतुसांना पसंती देतात आणि तेथे खर्च झपाट्याने वाढतो. परवान्यावर काडतुसांची संख्याही मर्यादित असते.

उरतो तो १० मीटरचा प्रकार. त्याला बंदिस्त दालन पुरते, त्यामुळे शाळांच्या सभागृहांत, व्यायामशाळांच्या मजल्यांवर आणि छोट्या खासगी अकादम्यांत अशा रेंज निघाल्या आहेत. परवाना लागत नाही व छरा काडतुसाच्या तुलनेत कितीतरी स्वस्त असतो. तरीही तो फुकट नसतो. रोज ८० छरे आणि आठवड्याचे पाच दिवस असा सराव धरला तर वर्षाला सुमारे २०,००० छरे, म्हणजे ५०० च्या डब्याचे चाळीसेक डबे लागतात. रायफलीच्या किमतीची चर्चा करताना हा आकडा कागदावर मांडलेला असावा.

रायफल की पिस्तूल हा पुढचा प्रश्न. एअर पिस्तुलाला विशेष पोशाख लागत नाही, ते दीड किलोच्या मर्यादेत असते आणि त्याची पेटी पाठीवरच्या पिशवीत मावते. एअर रायफलीचे कमाल वजन साडेपाच किलो आहे. तिच्याबरोबर कॅनव्हास अथवा चामड्याचे ताठ जाकीट, पँट, बूट, हातमोजा असा सरंजाम येतो आणि त्याची किंमत देशी रायफलीच्या बरोबरीने जाऊ शकते. केवळ खर्चाचा विचार केला तर पिस्तूल उजवे ठरते. मात्र पिस्तूल एका हाताने, आधाराविना धरायचे असते. त्यात प्रगती संथ वाटते आणि पुष्कळ मुले त्याच टप्प्यावर कंटाळतात. अंतिम निवड शरीरयष्टी व स्वभाव पाहून प्रशिक्षकाने सुचवावी, हाच प्रघात आहे.

एअर रायफलीचे प्रकार

पहिली रायफल बहुधा स्प्रिंगची असते. नळी मोडून अथवा बाजूचा दांडा ओढून तीत दाब निर्माण केला जातो. भारतात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातील इंडियन ह्यूम पाइप कंपनीच्या छऱ्याच्या बंदुका एके काळी परिचित होत्या. अलीकडे प्रेसिहोलसारख्या देशी उत्पादकांनी प्राथमिक पातळीपासून स्पर्धेच्या पातळीपर्यंतच्या रायफली बाजारात आणल्या आहेत. साधी स्प्रिंग रायफल काही हजारांत मिळते. तीत चाप दाबल्यावर आतील स्प्रिंग व दट्ट्या यांचा धक्का छरा नळीत असतानाच बसतो आणि हाताची किंचित चूकही लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. शिकण्यासाठी हा दोष उपयोगाचा आहे असे मानणारे प्रशिक्षक आहेत, परंतु गुणांच्या स्पर्धेत तो अडसर ठरतो.

हे समजण्यासाठी लक्ष्याचे माप पाहावे. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ अवघे अर्ध्या मिलिमीटरचे असते, तर छऱ्याचा व्यास साडेचार मिलिमीटर आहे. पिस्तुलाच्या लक्ष्यावर हेच वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते. रायफलीच्या पात्रता फेरीत ६० नेम असून गुण दशांशात मोजले जातात. २०१८ पासून महिलांनाही ४० ऐवजी ६० नेम आहेत. अशा मोजणीत नळीची सुसंगती हीच रायफलीची खरी किंमत होय.

दुसरा वर्ग एकाच झटक्यात हवा दाबणाऱ्या रायफलींचा. फाइनवेर्कबाऊ कंपनीची ६०० मालिका हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याच कंपनीची ३०० एस ही त्याआधीची, स्प्रिंगची पण धक्का शोषून घेणारी रायफल होय. या दोन्ही आता जुन्या झाल्या असल्या तरी नीट जपलेली ६०२ किंवा ६०३ आजही उत्तम नेम देते. तिला हवेचा सिलिंडर नसतो, त्यामुळे मुदत संपण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रत्येक नेमामागे दांडा ओढण्याचे श्रम मात्र साठ वेळा करावे लागतात. लहान चणीच्या मुलामुलींचा खांदा त्याने थकतो.

तिसरा वर्ग आधीच दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलींचा असून आजची सर्व प्रमुख स्पर्धा याच रायफलींवर होते. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर, अँशुट्झ या परदेशी कंपन्यांच्या रायफलींची किंमत भारतात लाखांत जाते. लाकडी दस्त्याची आवृत्ती बहुधा ॲल्युमिनियमच्या आवृत्तीहून स्वस्त असते, पण नेमकेपणात नळी दोघींची सारखीच असू शकते. ॲल्युमिनियमचा लाभ दस्त्याची लांबी, गालाचा आधार आणि पकड बारकाईने जुळवता येण्यात आहे. वाढत्या वयाच्या मुलासाठी ही सोय खरोखर पैसे वाचवते, कारण तीच रायफल चौदाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत वापरता येते. जाकिटाचे तसे नसते. ते दोन वर्षांत आखूड होते.

वापरलेली रायफल

मुंबईत दुसरी रायफल बहुतेक वेळा वापरलेलीच घेतली जाते. दहावी-बारावीच्या परीक्षा, अभियांत्रिकीचा प्रवेश किंवा परगावची नोकरी यांमुळे खेळ सोडणाऱ्यांची रायफल क्लबच्या फलकावर अथवा प्रशिक्षकाच्या तोंडी निरोपाने विक्रीस येते. अशा खरेदीत नळीपेक्षा आधी पाहावा तो सिलिंडर. त्याच्यावर निर्मितीचा महिना व वर्ष कोरलेले असते आणि त्याची मुदत साधारणतः दहा वर्षांची असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत नेमबाजाला अडचणीत आणतो. वैधतेची जबाबदारी त्याचीच असते. नवा सिलिंडर आयात करावा लागत असल्याने स्वस्तात मिळालेली रायफल अखेरीस महाग पडल्याची उदाहरणे रेंजवर नेहमी ऐकू येतात. नऊ वर्षांचे दोन सिलिंडर असलेल्या रायफलीपेक्षा तीन वर्षांचा एक सिलिंडर असलेली रायफल थोडी महाग असली तरी घ्यावी.

त्यानंतर दाबमापकाचा काटा पाहावा. २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर रायफलीला जोडून रात्रभर ठेवला व सकाळी काटा खाली आला, तर आतील सील झिजले आहेत असे समजावे. सील बदलणे फार खर्चाचे नसते, पण ते काम जाणणारे कारागीर थोडे आहेत. नळीची परीक्षा टेकूवर ठेवून दहा छरे मारून होते. दहाही छरे मिळून जवळजवळ एकच भोक पडले पाहिजे. न पडल्यास दोष नळीचा की छऱ्याचा हे दुसऱ्या प्रतीचे छरे वापरून पडताळावे. ४.४९ व ४.५० अशा सूक्ष्म फरकाच्या डोक्याचे छरे मिळतात आणि प्रत्येक नळीला त्यांतला एखादाच मानवतो. डावखुऱ्या नेमबाजाने दस्ता व पकड त्याच्या हाताची आहे का हे विचारून घ्यावे. उजव्या हाताची पकड बदलून घेण्याचा खर्च वेगळा असतो.

परवानामुक्त बंदुकीच्या व्यवहारातही विक्रीची पावती, ओळखपत्राची प्रत आणि रायफलीचा क्रमांक लिहिलेला कागद दोन्ही पक्षांनी जपावा. स्पर्धेसाठी परराज्यात जाताना आणि प्रवासातील तपासणीत तो उपयोगी पडतो. विमानात नेताना सिलिंडर रिकामा असावा लागतो.

उपनगरातील व्यवहार

बोरिवली व अंधेरीहून पश्चिम रेल्वेने, तर मुलुंड व घाटकोपरहून मध्य रेल्वेने दादरपर्यंत येऊन पुढे वरळी गाठणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग आहे. मीटरभराहून लांब पेटी घेऊन सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये चढणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे पुष्कळ जण रायफल रेंजच्या कपाटात ठेवतात आणि घरी फक्त कोरा सराव करतात. छरा न भरता उभे राहून नेम धरणे व चाप दाबणे म्हणजे कोरा सराव. त्याला खर्च नाही आणि अनुभवी नेमबाजांच्या दिनक्रमात त्याचा वाटा मोठा असतो. तो रायफलीच्या कोऱ्या सरावाच्या यंत्रणेवरच करावा. स्प्रिंगच्या बंदुकीचा चाप रिकामा दाबल्यास दट्ट्याला इजा होते.

मुंबईच्या सदनिकेत दहा मीटर सलग लांबी सहसा मिळत नाही. गच्चीवर, जिन्यात किंवा सोसायटीच्या आवारात छरे मारणे धोक्याचे आहे आणि त्यातून गुन्हा दाखल होऊ शकतो. परवाना लागत नाही याचा अर्थ कोठेही चालवता येते असा होत नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. पक्ष्यांवर छरे मारणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली शिक्षापात्र शिकार ठरू शकते. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये गावकऱ्यांनी छऱ्याच्या बंदुका स्वखुशीने जमा करण्याची मोहीम सुरू झाली, ती याच कारणाने.

पावसाळा हा येथील रायफलीचा मुख्य शत्रू आहे. जून ते सप्टेंबर या काळात बंद पेटीतील फोमच ओल धरतो आणि नळीच्या तोंडाशी गंजाचे ठिपके येतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, रायफल पुसून काही वेळ उघडी ठेवावी, जाकीट कधीही घडी घालून ठेवू नये. दमट हवेत कॅनव्हास मऊ पडतो व चामड्याला बुरशी येते. जाकिटाच्या कापडाची जाडी एका थरास अडीच मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. जुने जाकीट घेताना ते या तपासणीत बसते का हेही पाहावे.

छरे शिशाचे असतात. सरावानंतर हात धुतल्याशिवाय डबा उघडून खाण्याची मुलांची सवय पालकांनी मोडली पाहिजे.

खर्चाची वाटणी

हातात ठरावीक रक्कम असताना ती सगळी रायफलीवर घालण्याकडे कुटुंबांचा कल असतो. त्यामागची माया समजण्यासारखी आहे, परंतु परिणाम बहुधा उलटा होतो. सहा महिन्यांत छऱ्यांचे पैसे आणि रेंजचे शुल्क जड वाटू लागते, आणि लाखांची रायफल पेटीत पडून राहते. क्लबच्या रायफलीवर गुण स्थिर होईपर्यंत थांबावे, त्या काळात अंगाला नीट बसणारे जाकीट व बूट घ्यावेत आणि मग रायफलीकडे वळावे, असा क्रम अनेक प्रशिक्षक सांगतात. जाकीट दुसऱ्याचे मागून चालत नाही, रायफल चालते, हे त्याचे साधे कारण.

गुण स्थिर झाले हे ओळखण्याची खूण म्हणजे ६० नेमांच्या सलग काही मालिकांत गुणांचा चढउतार कमी होणे. त्यानंतरही लक्ष्यावरील छऱ्यांचा पुंजका रायफलीच्या टेकूवरील पुंजक्याहून फार मोठा असेल, तर उणीव नेमबाजाच्या पवित्र्यात आहे आणि नवी रायफल ती भरून काढणार नाही. दोन्ही पुंजके जवळ आले म्हणजे रायफल बदलण्याची वेळ आली. ही चाचणी करायला एक सकाळ आणि शंभरेक छरे पुरतात.